सहा शेरांसाठी तासलेला तुंबा

"रंग मार नि दे," जोमा पाटील म्हणाले. "बाकी तिला काय नाय झालंय."

त्यांची गाडी माझ्या दुकानासमोर चार माणसांनी नुकतीच उतरवून ठेवली होती. ती दुसऱ्या बैलगाडीवर लादून आणली होती, कारण स्वतःच्या चाकांवर येण्यासारखी तिची स्थितीच नव्हती. उजवं चाक मध्यातून मोडलेलं, आरे निखळून सुंभाने एकत्र बांधलेले. बसायच्या चौकटीवर कोंबड्यांनी सहा वर्षं संसार केलेला. एका फळीला वाळवी लागलेली. लोखंडी आख, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, एका टोकाला वाकलेला. आणि पाटील म्हणत होते, काही झालेलं नाही.

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मुंबईला रेल्वेच्या कॅरेज वर्कशॉपमध्ये बारा वर्षं काढली, तिथे साहेबाच्या शिव्या खाल्ल्या आणि दिल्यासुद्धा. मग कल्याणला स्वतःचं दुकान थाटलं. गाड्या, टांगे, रेकले, जे चाकावर चालतं ते माझ्याकडे यायचं. पण वर्कशॉपची एक सवय सुटली नाही. चाक समोर आलं की आधी हातोडी घेऊन ठोकायचं आणि ऐकायचं. धड लाकूड खणखणीत बोलतं. मी डावं, न मोडलेलं चाक ठोकलं. मडक्याला तडा गेल्यावर येतो तसा आवाज आला.

"पाटील, हे चांगलं चाकसुद्धा चांगलं नाहीये," मी म्हणालो.

"तू रंग मार रं."

ज्यांनी शर्यतीचा छकडा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या खाडीकाठच्या गावांत भाताची कापणी झाली, शेतं मोकळी झाली की बैलांच्या शर्यती लागतात. त्यासाठी दोन चाकांची, अगदी हलकी गाडी बनवतात. तिच्यात भात भरत नाहीत की मीठ भरत नाहीत. हाकणारा एकटा उभा राहतो, बैल उधळतात आणि गाडी जमिनीला टेकते की नाही असं वाटतं. साहेब लोकांची जशी फिरायची टमटम, तसा आमच्या आगरी पाटलांचा छकडा. शौकाची वस्तू. जोमा पाटलांचा हा छकडा डोंबिवलीपासून दिव्यापर्यंत नावाजलेला होता. लागोपाठ तीन वर्षं कोणी त्याच्या पुढे गेलं नव्हतं. शिसवीची चौकट, तिवसाची दांडी, सांधे असे की नख शिरणार नाही. इतकी देखणी गाडी कोंबड्यांच्या खाली ठेवलेली बघून माझं डोकं फिरलं होतं.

"मग सहा वर्षं अशी का टाकलीत?" मी विचारलं.

पाटील दुकानाच्या ओट्यावर बसले. भरदार माणूस, मिठागरं आणि भातशेती राखून असलेला, गावात शब्द चालणारा. त्यांनी अगदी सहज सांगितलं. सहा वर्षांपूर्वी मार्गशीर्षात त्यांच्या मुलाचं, हिराजीचं लग्न झालं. सून शीळची, कमळी नावाची. वरातीत तिला याच छकड्यातून घरी आणली. आठव्या दिवशी शर्यत होती. हिराजी हाकत होता. अर्ध्या वाटेत उजवं चाक फुटलं, गाडी उलटली आणि हिराजीचा पाय आखाखाली सापडला. तो जन्माचा लंगडा झाला.

"तीन वरसं गाडीला काय नाय झालं," पाटील म्हणाले. "ती बाय बसली नि आठव्या दिशी मोडली. पांढऱ्या पायाची. धाडली मायेरा."

"आणि आता?"

"आते नवी जोड घेतलीय बैलांची. पौषात शर्यत हाय. माघात हिराजीचं दुसरं लगीन. नवी सून याच गाडीतून आननार."

माझ्या हातात हातोडी होती आणि ती खाली ठेवणं मला शहाणपणाचं वाटलं. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये असं मला माझ्या आईने शिकवलं होतं. पण ती मुलगी सहा वर्षं बापाच्या घरी बसून आहे, गावोगाव तिचं नाव त्या एका शब्दाने घेतलं जातं, आणि हा माणूस तिला आणि गाडीला एकाच श्वासात मोजतोय, हे मला काही केल्या गिळेना. मी ऑर्डर घेतली आणि दीड महिन्याची मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी गाडी सोडवायला घेतली. जुनी गाडी दुरुस्त करायची तर आधी ती पूर्ण उघडायची, हा आमचा पहिला नियम. वरून डागडुजी करणारा मिस्त्री आणि तोंडाला पावडर लावून तापलेल्या माणसाला वरातीत बसवणारा वैद्य, दोघे सारखेच. चौकट धुतली, वाळवीची फळी काढून टाकली, बाकीचं शिसव अजून लोखंडासारखं होतं. वाकलेला आख माझ्या शेजारच्या युसूफभाई लोहारांकडे दिला. मग डावं चाक पाटावर आडवं घातलं.

चाकाच्या मधोमध जो लाकडी गड्डा असतो त्याला आम्ही तुंबा म्हणतो. सगळं चाक त्याच्यावर उभं असतं. आऱ्यांची टोकं त्याच्या भोकांत ठोकून बसवतात. ते टोक, म्हणजे कुसू, निदान तीन इंच आत गेलं पाहिजे. तुंबा फुटू नये म्हणून त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला एकेक लोखंडी कडं तापवून चढवतात. थंड झालं की ते असं आवळतं की पुन्हा काढायचं तर छिन्नी आणि घाम दोन्ही लागतात.

मी छिन्नी लावायला गेलो आणि कडं हातात आलं. नुसत्या बोटांनी.

आत गोणपाट होतं. डांबरात भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या कड्याच्या आत कोंबून वरून लाल रंग फासला होता. मी रंग खरवडला. आऱ्यांच्या मुळाशी लाकडाचा भुसा आणि डिंक लिंपलेला. तोही खरवडला. मग सगळं उघडं पडलं. तुंबा मुळात असा नव्हताच. चाक तयार झाल्यावर कोणीतरी वाकस घेऊन तो चहूबाजूंनी तासला होता. कुसवांना तीन इंचांच्या जागी दीड इंचसुद्धा लाकूड धरायला उरलं नव्हतं. तासल्यामुळे कडी ढिली झाली, म्हणून गोणपाट. फटी दिसू लागल्या, म्हणून भुसा.

मोडलेलं चाक बघितलं. तीच तासणी, तेच गोणपाट. ते चाक शर्यतीत मोडलं यात नवल नव्हतं. ते वरातीत मोडलं नाही हेच नवल होतं.

मी आणि युसूफभाईंनी अंदाज काढला, की एवढं तासून गाडी किती हलकी झाली असेल. दोन्ही चाकं मिळून सहा शेर, फार तर सात. घरातली पाण्याची एक कळशी. तेवढ्यासाठी.

"किसने किया होगा?" युसूफभाई म्हणाले.

ते शोधायला लांब जायला नको होतं. प्रत्येक गाडी बांधणारा तुंब्याच्या मागच्या बाजूला तापल्या सळईने आपली खूण डागतो. ही खूण मला लहानपणापासून माहीत होती. ठाण्याचे त्रिंबक मिस्त्री. माझ्या वडिलांच्या पिढीतले, आमच्या सगळ्या सुतारांत मानाचे. लग्नकार्यात पहिला विडा त्यांना. गाडी त्यांनी बांधली होती हे ठीक, पण खूण तासलेल्या भागावर पुन्हा डागली होती. म्हणजे तासणारा हातही त्यांचाच.

सकाळच्या आगगाडीने ठाण्याला गेलो. त्रिंबक मिस्त्री तलावाजवळच्या आपल्या दुकानात टांग्याची दांडी घोटत बसले होते. मी पाया पडलो आणि कडं त्यांच्या पुढे ठेवलं.

त्यांनी ते उचललंसुद्धा नाही. "जोमा पाटलाची गाडी," ते म्हणाले.

"काका, तुंबा तुम्ही तासलात?"

"तासला. तीन वर्षं जिंकल्यावर, मुलाच्या लग्नाच्या आधी गिऱ्हाईक म्हणालं हलकी करून दे."

"ही मोडणार हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं. म्हणून तर त्याला सांगितलं. म्हटलं, पाटील, एवढी तासली तर ही एक शर्यतसुद्धा धड काढायची नाही. तो म्हणाला, एकच काढायची आहे, पुढच्या वर्षी नवी बांधू."

मी उभाच होतो, तो खाली बसलो. म्हणजे पाटलांना माहीत होतं. आधीपासून, स्पष्ट शब्दांत, गाडी बांधणाऱ्याच्या तोंडून.

"त्या मुलीला घरातून काढली," मी म्हणालो. "गाडी तिच्यामुळे मोडली म्हणून. तुम्हाला माहीत आहे?"

"कानावर आलं होतं."

"मग सहा वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा कानस हातात घेतली. "आणि मी नसती तासली तर दुसऱ्या कोणी तासली असती. धंदा आहे, बाळा. तू वर्कशॉपातून आलास म्हणून तुला वाटतं."

मला काय वाटतं ते मी त्यांना सांगितलं. ज्यांच्या पाया पडलो त्यांच्याशी तसं बोलू नये, आणि मी बोललो. दुकानातले दोन कारागीर काम थांबवून बघत राहिले. परतताना मात्र माझा मलाच राग येत होता. कारण दुकान नवीन असताना मीही एका शौकिनाच्या छकड्याची दांडी 'जरा' तासून दिलेली आहे. ती मोडली नाही, एवढंच. ती मोडली असती आणि कोणाच्या सुनेवर आळ आला असता, तर मी ओरडून सांगितलं असतं का? सांगितलं असतं, असं मी स्वतःला कितीही बजावलं तरी खात्री वाटेना.

महिन्याभराने पाटील काम बघायला आले. तोवर नवे तुंबे तयार होते. दोन वर्षं सावलीत वाळवलेली बाभूळ, कडी तापवून चढवलेली, खैराचे आरे पूर्ण तीन इंच आत. पाटलांनी चाक हाताने उचलून बघितलं.

"जड हाय. पयल्यासारखा तास."

"पहिल्यासारखा म्हणजे कसा?" मी विचारलं.

मी आतून जुनं कडं आणि गोणपाटाच्या पट्ट्या आणल्या, त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवल्या. "त्रिंबक मिस्त्रींना भेटून आलो. तुम्हाला सांगितलं होतं म्हणाले."

पाटलांचा चेहरा काळवंडला. मला वाटलं आता चिडतील. पण ते हळू आवाजात बोलले, आणि ते मला जास्त लागलं. "सगले तासतान, मिस्त्री. एकला मी काय?"

"सगळे सुनेला घरातून काढत नाहीत."

"माज्या घरातलं तू मना सांगू नको. गाडी बांद. शर्यत बारा दिसांव हाय. तासलेली नसली तर मी घेनार नाय. नि खाडीकाठचा एक बैल तुज्या दुकानाला येनार नाय, ते बग."

ते निघून गेले. धमकी पोकळ नव्हती. माझं अर्धं काम त्या गावांतलं होतं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तासून द्या आणि मोकळे व्हा, म्हणणार नाही मी. पण मग त्रिंबककाकांवर ओरडायलाही पुन्हा जाऊ नका." दोन दिवस मी दुसरीच कामं केली आणि त्या तुंब्यांकडे पाठ करून बसलो. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमधला तांबडा खडू काढला. तिथे नापास मालावर फोरमन तांबडी फुली मारायचा आणि म्हणायचा, रिजेक्ट. मग तो माल साहेबाच्या बापालाही वापरता येत नसे. जुन्या दोन्ही तुंब्यांवर मी फुल्या मारल्या आणि नवे तसेच ठेवले, भरले, पुरे, जड.

मग काम झपाट्याने केलं. युसूफभाईंनी आख सरळ करून दिला. चाकाच्या घेरावर बसते ती लोखंडी पट्टी, धाव, ती आम्ही दोघांनी मिळून चढवली. गोवऱ्यांचं गोल रिंगण पेटवून त्यात धाव लालबुंद करायची. लोखंड तापून फुगतं. मग चिमट्यांनी उचलून चाकावर पाडायची, घणाने बसवायची आणि लगेच पाणी. पाणी पडलं की धाव आकसते आणि सगळं चाक करकरत आतल्या बाजूला आवळलं जातं. प्रत्येक आरा आपल्या जागी घट्ट होताना ऐकू येतो. मला या कामात जेवढा आनंद होतो तेवढा जेवणातही होत नाही. दांडीचा बाक वाफ देऊन काढला, वाळवीच्या फळीच्या जागी नवं शिसव घातलं, आखाला एरंडेलाचं वंगण भरलं, वरून पाटलांना हवा तसा लाल रंग. सहा वर्षं कोंबड्यांखाली काढलेली गाडी एका बोटाने ढकलली तरी चालायला लागली.

शर्यतीला दोन दिवस असताना मी ती घेऊन त्यांच्या गावाला गेलो. सोबत युसूफभाई, आणि मागच्या गाडीत जुनं डावं चाक, कडं आणि गोणपाट होतं तसं परत बसवलेलं. देवळासमोरच्या मैदानात माणसं जमली होती. नावाजलेला छकडा परत येणार म्हणून शेजारच्या गावांतूनही आली होती. हिराजी देवळाच्या पायरीवर बसला होता, पाय लांब करून. पंचविशीचा असेल, पण तोंडावर म्हातारपण आलेलं.

"टेस्ट केल्याशिवाय मी गाडी देत नाही," मी पाटलांना सगळ्यांदेखत म्हणालो. "वर्कशॉपचा नियम आहे."

मी तासूनच आणली असणार असं धरून चाललेल्या पाटलांना ते आवडलं. लोकांसमोर मिरवायला मिळत होतं. "कर ना," ते म्हणाले.

आठ गोणी मीठ चढवलं. शौकाच्या गाडीवर कोणी एवढा लोड टाकत नाही. मग चार गडी जुंपून ती बांधावरून आणली, खाली आदळवली, पुन्हा चढवली. एक आरा हलला नाही. लोक ओरडले. मीठ उतरवलं. मग मी जुनं चाक मागवून घेतलं, आख उचलून एका बाजूचं नवं चाक काढलं आणि त्या जागी ते चढवलं. "आता हे बघा," मी म्हणालो. "हे जुन्या गाडीचं न मोडलेलं चाक. सहा वर्षं एका जागी उभं होतं. तेवढ्या काळात याच्यावर कोणी बसलेलं नाही, ना बाई ना पुरुष."

"कशाला पायजे ते?" पाटील पुढे झाले.

"टेस्ट आहे, पाटील."

दोनच गोणी टाकल्या. गडी बांधापर्यंत पोचलेही नाहीत. करकर झाली, तीन आरे तुंब्यातून दातासारखे बाहेर आले आणि गाडी एका अंगावर बसली. लोक पुढे सरकले. मी तुंबा उचलून आणला, हिराजीच्या पुढ्यात ठेवला आणि कडं बोटांनी काढून दाखवलं. गोणपाट दाखवलं. नव्या चाकाचं कडं त्याला ओढून बघ म्हटलं. त्याने ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं. हललं नाही.

"हे कोनी केलं?" हिराजीने विचारलं.

मी पाटलांकडे बघितलं. चाकाचं मी बोललो होतो. पुढचं माझ्या तोंडून निघावं अशी माझी इच्छा नव्हती. ते बोलणं त्यांचं होतं.

"बाबा, तुमाला म्हाईत व्हतं?" हिराजी म्हणाला.

पाटील फेट्याचं टोक चाचपत उभे राहिले. ते बघून गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने तोंड फिरवलं, आणि मग एकेकाने. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

हिराजी काठी टेकत उठला. मी नवं चाक परत चढवून दिलं. त्याने नवी जोड जुंपली, आणि शर्यतीसाठी आणलेली गाडी शीळच्या वाटेला लावली. त्या वर्षी छकडा शर्यतीत उतरलाच नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी हिराजी रिकामी गाडी घेऊन माझ्या दुकानात आला. कमळीने त्याला आल्या पावली परत पाठवलं होतं. तिने विचारलं होतं, सहा वर्षं तुम्ही कुठे होता? चाक नसतं सापडलं तर माघात दुसरीला आणली असती ना? खरं सांगायचं तर तिचं म्हणणं ऐकून माझा हिराजीवरचा राग आणखी वाढला. पाय पांगळा झाला म्हणून तोंड पांगळं होत नाही. तिने निरोप एवढाच दिला होता, ज्यांनी मला धाडलं त्यांनी यावं.

पंधरा दिवसांनी पाटील स्वतः दुकानी आले. वाळलेले दिसत होते. माघातलं लग्न मोडलं होतं, कारण मैदानात झालेलं सगळ्या पंचक्रोशीत पोचलं होतं.

"मिस्त्री, तू चल शीळला. चाकाचं तुज्याइतकं कोनाला सांगता येत नाय."

"चाकाचं मी सांगेन," मी म्हणालो. "तासायला कोणी लावलं, ते तुम्ही सांगायचं."

पाटलांनी मग मान हलवली.

शीळला कमळीच्या बापाच्या अंगणात छकडा थांबला. बापाने पाणी दिलं, बसा म्हटलं. कमळी दारात आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. उंच, काटक, डोक्यावरचा पदर नीट. मी तुंबा पुढे ठेवला, कसा असतो आणि कसा होता ते चार वाक्यांत सांगितलं, आणि मागे सरलो.

पाटील खाली बघत म्हणाले, "मी तासाया लावला. मना सांगलं व्हतं त्रिंबक मिस्त्रीनं, मोडंल म्हनून." मग थांबले. "मी बोललो असतो तं पोराचा पाय मी मोडला आसं झालं असतं. माज्यानं ते बोलवत नव्हतं."

"मंग माजं नाव घेतलंत, मामा," कमळी म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणत असे. आवाज चढला नव्हता. "ते बोलवलं तुमाला. सा वरसं."

"चुकलं," पाटील म्हणाले. तो माणूस तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा बोलत असावा. निघायला बराच वेळ लागला.

"हे गावच्या देवलासमोर बोला. मी हितं बसून ऐकंन कोन सांगाया येतंय ते."

आणि ती आत गेली. पाटलांनी माझ्याकडे बघितलं, जणू यातही माझं काही कारस्थान असावं. मी गाडीचे बैल वळवले. परतीच्या वाटेत फक्त चाकं चालत होती, आणि ती सुरेख चालत होती.

पाटील बोलले. देवळासमोर, त्याच मैदानात, होळीच्या आधी. मी तिथे नव्हतो. मला युसूफभाईंनी सांगितलं, त्यांना कोणा मीठवाल्याने. त्यानंतर चौथ्या दिवशी हिराजी शीळला गेला आणि कमळी आली. येताना ती छकड्यात बसली नाही. हिराजी लंगडत बैलांच्या पुढे, ती गाडीच्या मागे, अशी दोघं शीळपासून गावापर्यंत चालत आली. का, असं कोणीतरी वाटेत विचारलं. ती म्हणाली, "परत काय मोडलं तं मी बसली नव्हती म्हनून सांगाया."

हे ऐकून मी हसलो, आणि मग बराच वेळ काम सुचलं नाही. मी लोकांसमोर चाक मोडून दाखवलं, पाटलांनी लोकांसमोर कबूल केलं, तरी त्या बाईने पुढच्या वेळची तजवीज आपल्या पायांनीच करून ठेवली. तिचं चुकलं असं मला अजूनही म्हणता येत नाही.

खाडीकाठचं माझं गिऱ्हाईक दोन वर्षं तुटलं, मग हळूहळू परत आलं. त्रिंबक मिस्त्रींना लग्नकार्यात पहिला विडा अजून मिळतो. दुकानात शर्यतवाले येतात तेव्हा पहिला प्रश्न अजूनही हाच असतो, थोडी हलकी करून देशील का. मी म्हणतो, देईन, पण आधी सांगा, मोडली तर नाव कोणाचं घ्यायचं ठरलंय. बहुतेक जण पुरी जड गाडी घेऊन जातात.